गॅरेजचं जळकं ऑइल: कसं साठवायचं, कुणाला द्यायचं, कोणता कागद जपायचा

वडोदऱ्यातल्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका गॅरेजमालकांनी विचारलंय: चारचाकी गाड्यांचं गॅरेज आहे, रोज चार-पाच गाड्यांचं ऑइल बदललं जातं. दोन शेड पलीकडे सख्ख्या भावाचं ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. दोघांचं काढलेलं तेल एकाच जागी पिंपांत साठतं आणि महिन्या-दीड महिन्यानं एक भंगारवाला रोख पैसे देऊन उचलतो. परवा प्रदूषण बोर्डाचे अधिकारी येऊन 'तेल कुठे जातं' ते विचारून गेले. आता नियमात बसायचं तर काय करावं लागेल? आणि आसपासच्या गॅरेजांचं तेल गोळा करून स्वतःच रिसायकलिंगचं युनिट टाकलं तर कसं?

सगळं सांगते, पण आधी एक काम करा. भावाचं तेल आजच्या आज वेगळं करा. वेगळी पिंपं, वेगळं नरसाळं, वेगळा पंप. जे आधीच एकत्र झालंय त्या पिंपांवर खडूनं फुली मारून बाजूला ठेवा आणि भंगारवाल्याचा फोन आला तर 'नाही' म्हणून सांगा. कागदपत्रं दोन आठवड्यांनी झाली तरी चालतील, हे वेगळं करणं मात्र लांबवायचं नाही.

कारण पीसीबी. पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल नावाची ही रसायनं एके काळी ट्रान्सफॉर्मरमध्ये मुद्दाम वापरली जात, कारण ती सहसा पेट घेत नाहीत. तोच त्यांचा दोष ठरला. ती निसर्गात सहजासहजी विघटित होत नाहीत आणि चरबीत साठत जातात. भाऊ म्हणतील, 'आमच्याकडे साध्या खनिज तेलाचेच ट्रान्सफॉर्मर येतात.' खरं असेल. पण जुन्या काळी एकच फिल्टर मशीन दहा ठिकाणी फिरायचं, आणि पीसीबीचा ट्रान्सफॉर्मर साफ करून तेच मशीन साध्या तेलाच्या ट्रान्सफॉर्मरला लागायचं. नळीत राहिलेलं थोडंसं तेलही पुरतं. वापरलेलं तेल रिसायकलिंगला चालण्यासाठी पीसीबी २ पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत दोन भागांपेक्षा, कमी असावं लागतं. आता हिशेब करा. एका पिंपात ५० पीपीएम असलं आणि ते स्वच्छ तेलाच्या १९ पिंपांत मिसळलं, तर वीसही पिंपांत अडीच पीपीएम होतं. म्हणजे एका पिंपापायी वीस पिंपं बाद, आणि त्यातली बरीचशी तुमच्या गॅरेजची. शिवाय पीसीबीविषयीच्या २०१६ च्या केंद्रीय आदेशानं ३१ डिसेंबर २०२५ नंतर त्याचा कुठलाही वापर बंद केलाय. भावाच्या एखाद्या जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ते सापडलं तर त्याचा मार्ग साध्या जळक्या ऑइलचा नाही. बोर्डाला लेखी कळवूनच पुढे जायचं.

आता नियम. बरेच जण 'गुजरातचा कायदा काय म्हणतो' असं विचारतात. नियम केंद्राचे आहेत: ४ एप्रिल २०१६ चे घातक व इतर कचऱ्याचे नियम, पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ खाली काढलेले. अंमल राज्याच्या बोर्डाचा, म्हणजे आपल्याकडे गुजरात प्रदूषण नियंत्रण बोर्डाचा (जीपीसीबी). आपल्या राज्यात पाणी-प्रदूषण कायद्याची संमती, हवा-प्रदूषण कायद्याची संमती आणि घातक कचऱ्याची परवानगी एकाच कागदावर मिळते. त्यालाच आपण सगळे सीसीए म्हणतो. अर्ज, मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याचा कागद), वार्षिक विवरणपत्र हे सगळं एक्सजीएन या पोर्टलवरून होतं. तुमच्या गॅरेजची सीसीए काढून बघा. त्यात घातक कचऱ्याच्या रकान्यात '५.१ यूज्ड ऑर स्पेंट ऑइल' आणि त्यापुढे वर्षाची मात्रा लिहिलेली असायला हवी. तेलकट गाळ आणि अवशेष ५.२ मध्ये जातात, रिकामी तेलकट पिंपं ३३.१ मध्ये आणि तेलानं माखलेल्या चिंध्या-कॉटन वेस्ट ३३.२ मध्ये. भावाचं युनिट वेगळं आहे, म्हणून त्यांची सीसीएसुद्धा वेगळी. दोन शेड ओलांडून त्यांचं पिंप तुमच्याकडे ढकलत आणणं हीसुद्धा घातक कचऱ्याची वाहतूकच आहे, मग मधे भिंत असो की नसो.

प्रदूषणाच्या प्रमाणानुसार उद्योगांचे रंगांचे वर्ग पाडलेले असतात. जे अगदी छोटे उद्योग सर्वांत कमी प्रदूषणाच्या पांढऱ्या वर्गात येतात आणि ज्यांना संमतीच लागत नाही, त्यांना २०१९ च्या दुरुस्तीनं या परवानगीतून सूट दिली आहे. अट एकच: तेल अधिकृत माणसालाच द्यायचं. सर्व्हिसिंग आणि पेंटिंग करणारी गॅरेजं नारंगी वर्गात धरली जातात, त्यामुळे तुम्ही या सुटीवर विसंबू नका.

मात्रेच्या आकड्यावर थोडं थांबते, कारण सर्वांत जास्त लोक इथेच अडकतात. अर्ज भरताना कुणीतरी 'कमी लिहा, कमी त्रास' असा सल्ला देतं आणि गॅरेजवाले वर्षाला दोनशे किलो लिहून मोकळे होतात. तुमचाच हिशेब मांडू. दिवसाला पाच गाड्या, प्रत्येकीचं साधारण साडेतीन लिटर तेल, वर्षाचे तीनशे दिवस. झाले ५,२५० लिटर. तेलाची घनता ०.८८ च्या आसपास धरली तर सुमारे ४.६ टन. २१० लिटरची पिंपं मोजली तर पंचवीस. ज्याच्या सीसीएत ०.२ टन लिहिलंय आणि शेडमध्ये सहा पिंपं उभी आहेत, त्याला अधिकाऱ्यांना काही समजावून सांगायची सोय उरत नाही. माझ्या एका अशीलाकडे तपासणीला आलेल्या बाईंनी वापरलेल्या तेलाचं रजिस्टर मागितलंच नाही. त्यांनी नव्या ऑइलच्या खरेदीची बिलं मागितली. किती लिटर विकत घेतलं, किती काढलं, किती दिलं. दहा मिनिटांत सगळा हिशेब टेबलावर आला. म्हणून खरा आकडा लिहा. तो वाढणार असेल तर सुधारणेचा अर्ज करा.

साठवण ९० दिवसांपेक्षा जास्त नको. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा निर्माण करणाऱ्या लहान युनिटांना बोर्ड ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकतं, पण मागितल्यावर. आपोआप मिळत नाही. पिंपावर फॉर्म ८ चं लेबल हवं: काय आहे, कुणाचं, कधीपासून. फरशी तेल न झिरपणारी हवी, वर छप्पर, आणि भोवती एवढा उंबरा की सर्वांत मोठं पिंप फुटलं तरी तेल आतच राहील. फिल्टर गरम असतानाच भोक पाडून जाळीवर उलटे ठेवा आणि रात्रभर निथळू द्या. नुसते भंगारात टाकलेले फिल्टर वाटेत तेल सांडत जातात.

पुराचं सांगायलाच हवं. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा नदीकाठच्या वस्तीतल्या एका गॅरेजात मी पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी गेले होते. चार पिंपं पत्र्याच्या शेडखाली उभी होती. तेल पाण्याहून हलकं, त्यामुळे भरलेलं पिंपसुद्धा तरंगतं. ती तरंगली, आडवी झाली, त्यातल्या दोन पिंपांची बुचं सैल होती. भिंतीवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर एक सरळ काळी रेघ होती आणि ती रेघ गल्लीतल्या पाच घरांच्या भिंतींवरून पुढे गेली होती. एका घरात एक आजी तुळशीचं वृंदावन केरोसिनच्या फडक्यानं पुसत बसल्या होत्या. बाकीचं तेल नदीत. ज्या नदीत मगरी राहतात, तिथे. गॅरेजमालकांनी बोर्डाला कळवलंच नव्हतं. पुरात सगळंच वाहून गेलं, त्यात हे काय, असं त्यांना वाटलं. नियम सांगतो की अशी गळती झाली की लगेच कळवायचं, मग फॉर्म ११ मध्ये सविस्तर अहवाल द्यायचा. तेव्हापासून माझ्या सगळ्या अशीलांना मी जूनच्या आधी तेल उचलायला लावते, पावसाळ्यात एकच पिंप चालू ठेवायला सांगते, आणि ते उंच ओट्यावर, साखळीनं खांबाला बांधून.

आता मिसळण्याबद्दल. भावाचं तेल वेगळं केलंत, तरी तुमच्या गॅरेजातही मिसळायचं सोडायला हवं. पोरं काय करतात ते मी रोज बघते. रेडिएटरचं कूलंट त्याच घमेल्यात, ब्रेकचं तेल त्यातच, पेंटचा ब्रश धुतलेलं थिनर पण तिथेच. कूलंट आणि ब्रेक फ्लुइड ग्लायकोलचं असतं. त्याचा खनिज तेलाशी काही संबंध नाही आणि कारखान्यात ते गरम केल्यावर भांड्यांच्या भिंतींना चिकटतं. क्लोरिनवाला सॉल्व्हंट पडला तर त्याहून वाईट. तो तापल्यावर आम्ल होऊन पाइप खातो, आणि कुणी ते तेल अर्धवट जाळलं तर डायॉक्सिन हे जहाल विष तयार होण्याची भीती. नियमांच्या पाचव्या परिशिष्टात रिसायकलिंगच्या तेलासाठी मर्यादा दिल्या आहेत: शिसं १०० पीपीएम, आर्सेनिक ५, कॅडमियम-क्रोमियम-निकेल मिळून ५००, पॉलिअरोमॅटिक हायड्रोकार्बन ६ टक्के, आणि वर सांगितलेलं पीसीबी. चांगलं इंजिन ऑइल नीट वेगळं ठेवलं तर सहसा यात बसतं. त्यात बसत नसेल तर त्याच परिशिष्टाच्या दुसऱ्या भागात भट्टीच्या इंधनाच्या मर्यादा आहेत. तिथेही नाही बसलं, तर मग ते सामूहिक विल्हेवाट केंद्रात जातं आणि तिथे पैसे तुम्हाला मिळत नाहीत, तुम्हाला भरावे लागतात.

शेडमध्येच करता येतील अशा दोन परीक्षा शिकून घ्या. लोखंडी पट्टी चांगली तापवून तिच्यावर तेलाचा थेंब टाका. फोडणीत मोहरी तडतडते तसा आवाज आला तर तेलात पाणी आहे. दुसरी: तांब्याची तार बर्नरवर लाल करा, जरा निवू द्या, तेलात बुडवून पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर क्लोरिन असल्याचा संशय धरा आणि ते पिंप बाजूला काढा. प्रयोगशाळेची जागा या परीक्षा घेत नाहीत, पण कोणतं पिंप प्रयोगशाळेत पाठवायचं ते कळतं. करताना दार उघडं, हातमोजे घातलेले, आणि तेलाचा डबा ज्योतीपासून लांब.

आता भंगारवाला. तो जास्त पैसे का देतो? कारण त्याच्याकडे तुमच्या तेलाची तीन-चार गिऱ्हाइकं आहेत. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला, वीटभट्टीत जाळायला, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून चोपडायला. आणि काही तेल पुन्हा नव्या डब्यात भरून तुमच्याच एखाद्या गिऱ्हाइकाच्या गाडीत येतं.

यातली शेवटची गोष्ट मी जवळून पाहिली आहे. कलाभवनातून, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून, केमिकल करून बाहेर पडल्यावर माझी पहिली नोकरी तेल 'साफ' करणाऱ्या एका लहान कारखान्यात होती. पद्धत सोपी होती. तेलात गंधकाम्ल ओतायचं, घाण खाली बसवायची, वरचं तेल मातीतून गाळून घ्यायचं. निघालेलं तेल पिवळसर-लाल, नव्यासारखं दिसायचं. मागे उरायचा डांबरासारखा गाळ. आम्लानं भरलेला, जवळ गेलं की डोळ्यांतून पाणी. तो आम्ही मागच्या खड्ड्यात टाकत होतो. दुसऱ्या पावसाळ्यात शेजारच्या शेतकऱ्यानं आपल्या विहिरीचं पाणी बादलीत आणून मालकाच्या टेबलावर ठेवलं. त्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग होता. मालकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. मी त्याच महिन्यात नोकरी सोडली. तो खड्डा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. आता ही पद्धत मान्य पद्धतींत नाही. निर्वात ऊर्ध्वपातन आणि त्यानंतर मातीनं किंवा हायड्रोजननं प्रक्रिया, पातळ थराचं बाष्पीभवन, सॉल्व्हंटनं वेगळं करणं, अशा वाटांना मान्यता आहे. नीट शुद्ध केलेल्या तेलापासून पुन्हा चांगलं बेस ऑइल, म्हणजे वंगणाचं मूळ तेल, बनतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचं एक गणित मला फार आवडतं: जितकं वंगण ४२ गॅलन कच्च्या तेलातून मिळतं, तितकंच एका गॅलन वापरलेल्या तेलातून. म्हणजे तुमच्या शेडमध्ये उभं असलेलं पिंप साधं भंगार नव्हे, कच्चा माल आहे. तो योग्य कारखान्यात पोहोचला पाहिजे.

तो पोहोचला की नाही, हे कळण्यासाठीच मॅनिफेस्ट आहे. नियमात सात रंगांच्या प्रती आहेत. पांढरी तुम्ही बोर्डाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन स्वतःकडे ठेवायची, गुलाबी घेणाऱ्याकडे, नारिंगी वाहतूकदाराला, हिरवी घेणारा बोर्डाला पाठवतो, निळी घेणाऱ्याकडून तुमच्याकडे परत येते, आणि करडी माल दुसऱ्या राज्यातून आला असेल तर त्या राज्याच्या बोर्डाला. आता आपल्याकडे हे ऑनलाइन निघतं, पण तर्क तोच. माझं सगळं लक्ष निळ्या प्रतीवर असतं. ती आली म्हणजे पिंप ठरलेल्या दारात उतरलं. ती आली नाही तर फोन करा, लेखी विचारा, आणि वजन जुळवा. तुमच्या काट्यावर ९२० किलो आणि त्यांच्याकडे ७६० किलो असेल, तर वाटेत कुठेतरी जवळजवळ एका पिंपाची धार लागली आहे.

ज्याला द्याल त्याची परवानगी हातात घेऊन वाचा. फोटो चालेल, पण वाचा. नाव आणि पत्ता तोच आहे का, ५.१ लिहिलंय का, वर्षाची क्षमता किती, मुदत कधी संपते. रिसायकलरकडे, घेतलेल्या मालाची नोंद ठेवायला, बोर्डानं दिलेलं पासबुक असतं. त्यात नोंद झाल्यावरच माल सोपवायचा असं नियम सांगतो, आणि हे विचारणारा गॅरेजवाला मला वर्षात एखादाच भेटतो. गाडी घातक कचऱ्यासाठी नोंदलेली हवी आणि ड्रायव्हरजवळ आपत्तीत काय करायचं ते सांगणारं फॉर्म ९ चं कार्ड हवं. सिल्वासा किंवा मध्य प्रदेशातल्या रिसायकलरला देत असाल तर गाडी सुटण्याआधी दोन्हीकडच्या यंत्रणांना कळवायचं. वर्षाच्या शेवटी, म्हणजे मार्चपर्यंतचा हिशेब, ३० जूनच्या आत फॉर्म ४ मध्ये. रोजचं रजिस्टर फॉर्म ३ मध्ये. रोज दोन ओळी, चहाच्या आधी.

भंगारवाल्याला रोखीनं दिलेलं तेल कुठे सांडलं, कुठे जळलं, तरी नुकसानीची जबाबदारी तेल निर्माण करणाऱ्यावर येऊ शकते. नियमातच तसं लिहिलंय. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण कायद्याच्या उल्लंघनाला दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत दंड आहे. लिटरमागे चार पैसे जास्त मिळाले म्हणून हे ओझं घेऊ नका.

स्वतःच्या युनिटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. त्याला आधी उभारणीची संमती लागते, मग चालवण्याची, मग फॉर्म १ चा अर्ज. तपासणी होऊन १२० दिवसांत निर्णय आणि मिळाली तर पाच वर्षांची परवानगी. यंत्रं, प्रयोगशाळा, निघणाऱ्या गाळाची विल्हेवाट आणि आगीची तयारी धरली तर हे गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये जमणारं काम नाही. मात्र परवानगी घेऊन गोळा करण्याचं काम विचार करण्यासारखं आहे. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनं वंगण बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर वापरलेलं तेल परत रिसायकल करून घेण्याची जबाबदारी आली आहे. २०२४-२५ ला ५ टक्क्यांपासून सुरुवात आणि पुढे टप्प्याटप्प्यानं ५० टक्क्यांपर्यंत. त्यामुळे केंद्रीय बोर्डाच्या पोर्टलवर नोंदलेल्या रिसायकलरांना चांगल्या, न मिसळलेल्या तेलाची गरज आहे. तुमच्या गल्लीतल्या दहा गॅरेजांना नीट वेगळं तेल ठेवायला शिकवलंत तर तुमच्याशी बोलणी करायला ते स्वतः येतील.

एक उपप्रश्न नेहमी येतो म्हणून सांगते: फरसाणवाल्याचं तळणाचं तेल यात येत नाही. ते अन्नसुरक्षेच्या नियमांखाली, पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हापुन्हा तापवून तयार होणारे घटक, २५ टक्क्यांवर गेले की खाण्यातून बाद आणि बायोडिझेलला. ते या पिंपात ओतू नका, आणि हे त्या कढईजवळसुद्धा नेऊ नका.

आता भावासाठी. फुली मारलेल्या प्रत्येक पिंपातून आणि त्यांच्याकडच्या प्रत्येक जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून वेगवेगळा नमुना घ्या. काचेची गडद बाटली, प्लास्टिकची नको. आधी त्याच तेलानं विसळू नका, कोरडी स्वच्छ बाटली घ्या. लेबलवर पिंपाचा नंबर, तारीख, ट्रान्सफॉर्मरचं बनल्याचं वर्ष. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत 'पीसीबी, गॅस क्रोमॅटोग्राफ' असं स्पष्ट लिहून द्या. अहवाल हातात येईपर्यंत फुलीचं एकही पिंप हलवू नका. बोर्डाचे अधिकारी पुन्हा आले तर ती पिंपं, त्यांवरच्या फुल्या आणि नमुने दिल्याची पावती त्यांना दाखवा.